डिसेंबरात 1 लाख 11 हजार, मेमध्ये 62 हजार: बाकीचे गेले कुठे?

प्रश्न: काका, नमस्कार. मी कराड तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. माझे मिस्टर परदेशी क्रूझ जहाजावर केबिन स्टुअर्ड आहेत, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरतात. दुसरं कॉन्ट्रॅक्ट चालू आहे. दरवेळी ऑक्टोबरात जातात, नऊ महिने तिकडे, मग जवळपास तीन महिने घरी. डिसेंबरच्या पगाराचे घरी 1 लाख 11 हजार आले आणि मेच्या पगाराचे 62 हजार. मेमध्ये पंधरा दिवस जहाज डॉकयार्डात होतं म्हणे. सासरे म्हणतात, काम तेच, जहाज तेच, मग पैसे निम्मे कसे? थोरले भाऊजी तर सरळ म्हणाले, तिकडं उडवत असणार. मिस्टरांना विचारलं की "टिप कमी पडली" एवढंच सांगतात आणि पुढं विचारलं की चिडतात. सासऱ्यांनी आयुष्यभर वाशी मार्केटला माथाडीचं काम केलं. आता त्यांनी मलकापूरला फ्लॅट बघितलाय, हप्ता 48 हजार बसतो. डिसेंबरचा आकडा धरून ते बुकिंगला निघालेत. दोन्ही महिन्यांच्या पगार-स्लिपांचे फोटो सोबत पाठवते. शिवाय माझा धाकटा भाऊ हॉटेल मॅनेजमेंट करून घरी बसलाय. त्याला एक एजंट "टिपा धरून महिना दीड लाख" सांगून अडीच लाख मागतोय. आणि पुण्याच्या नणंदबाई सिंगापूरहून क्रूझला चालल्यात. बिलातली टिप काढून टाकता येते म्हणे, तर काढावी का, असं त्या विचारत होत्या.
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर: ताई, स्लिपांचे फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. निम्मी भांडणं कागद न बघता होतात. तुमच्या मिस्टरांनी पैसे उडवले असं या दोन कागदांवरून तरी दिसत नाही. पण फ्लॅटचं बुकिंग मात्र आजच थांबवा.

आधी स्लिपा. डिसेंबरच्या कागदावर बेसिक 480 डॉलर आणि त्याखाली ग्रॅच्युइटी 1,130. ही प्रवाशांकडून आलेली टिप. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी नव्हे. एकूण झाले 1,610. त्यातून कपात: रोख उचल 200, वायफाय 60, जहाजावरचं दुकान 45. हातात 1,305 डॉलर. डॉलर 85 रुपयांनी धरला तर 1 लाख 10 हजार 925. तुमचे 1 लाख 11 हजार ते हेच.

आता मे. बेसिक तेच, 480. ग्रॅच्युइटी फक्त 410. आणि खाली एक नवीन ओळ आलीय, "गॅरंटी टॉप-अप 310". एकूण बरोबर 1,200. कपात: उचल 350, वायफाय 60, दुकान 60. हातात 730 डॉलर, म्हणजे 62,050 रुपये.

दोन महिन्यांत फरक आहे 575 डॉलरचा. त्यातले 410 डॉलर टिप आणि टॉप-अपच्या बेरजेत कमी पडलेत आणि 165 डॉलर जास्त उचल-खर्चाचे आहेत. विचारायचंच असेल तर त्या 165 डॉलरबद्दल विचारा, तेही जाब म्हणून नको. जहाज डॉकला असलं की मुलांना बाहेर पडायला वेळ मिळतो, फोन होतात, आपल्याकडचं काही खायला मिळालं तर घेतात. उरलेला फरक त्यांच्या हातात नव्हताच.

स्लिपवरची ती टॉप-अपची ओळ नीट समजून घ्या, कारण या नोकरीतलं सगळं इंगित तिथंच आहे. तुमच्या मिस्टरांच्या करारात कंपनीने महिन्याला 1,200 डॉलरची हमी दिलीय. पण कंपनी खिशातून देते ते 480. वरचे 720 प्रवाशांच्या टिपेतून निघावेत अशी अपेक्षा. टिप कमी पडली तर तेवढी तूट कंपनी भरते. म्हणजे मेमध्ये टिप 410 ऐवजी 600 आली असती तरी तुमच्या घरी एक रुपयाही जास्त आला नसता, कंपनीचा टॉप-अप तेवढा वाचला असता. टिपेचे पहिले 720 डॉलर कंपनीचा भार हलका करतात. त्याच्या वर जे येईल ते तुमच्या मिस्टरांचं. डिसेंबरात असे 410 डॉलर वर आले. प्रवाशाला वाटतं की आपण खोली झाडणाऱ्या पोराला खूश केलं. खरं तर बऱ्याच महिन्यांत तो त्या पोराचा पगारच भरत असतो, वरकमाई नाही. मला विचाराल तर ही कंपन्यांची हुशारी आहे. तिकिटाचं भाडं जाहिरातीत कमी दिसतं आणि पगाराचा मोठा वाटा "खुशीने दिलेली टिप" म्हणून वेगळा वसूल होतो.

सगळीकडे अशीच पद्धत आहे असं मात्र नाही. काही करारांत हमी मोठी आणि टिप जवळपास नाहीच, काहींत छोटा बेसिक आणि टिप जेवढी मिळेल तेवढी. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, "पगार किती" असं विचारू नका, "गॅरंटी किती" असं विचारा.

आता अण्णांसाठी थोडं, म्हणजे तुमच्या सासऱ्यांसाठी. त्यांना हा हिशेब आपल्या दोघांपेक्षा लवकर कळेल. माथाडीच्या टोळीत कुणी एकट्याने किती गोणी उचलल्या हे बघत नाहीत. टोळीची वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, एकत्र होते आणि मग वाटली जाते. मार्केटला आवक नसली तर टोळीतला सगळ्यात दणकट गडीसुद्धा रिकाम्या हाताने घरी येतो. जहाजावरची टिप हल्ली तशीच झालीय. पूर्वी शेवटच्या रात्री प्रवासी पाकिटात नोटा घालून आपल्या स्टुअर्डला, आपल्या वेटरला द्यायचे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी माणशी रोज ठरावीक रक्कम प्रवाशाच्या खात्यावर आपोआप लावायला सुरुवात केली. अमेरिकेतून चालणाऱ्या मोठ्या जहाजांवर ही रक्कम साधारण 16 ते 20 डॉलरच्या घरात असते. ती एका ठिकाणी जमते आणि केबिनवाले, डायनिंगवाले, शिवाय प्रवाशाला कधीच न दिसणारे किचन-लाँड्रीतले, अशी वाटली जाते. डॉकमध्ये प्रवासी नाहीत, म्हणजे आवकच नाही. पंधरा दिवस जहाज रंगरंगोटीला उभं होतं, तेव्हा तुमच्या मिस्टरांनी गालिचे घासले असतील, गाद्या हलवल्या असतील; पण त्या दिवसांत टिपेच्या डब्यात काही पडलं नाही.

आणि प्रवासी असले तरी सगळे सारखे नसतात. हिवाळ्यात कॅरिबियनला अमेरिकन गर्दी असते. टिप देणं त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं आहे, कारण त्यांच्याकडच्या हॉटेलांतही वेटरचा पगार टिपेवरच उभा असतो. वसंतात जहाज अटलांटिक ओलांडून युरोपला निघालं की प्रवासी बदलतात. ब्रिटनमध्ये आपोआप लागणारी टिप लोकांना रुचत नाही. तिथल्या पी अँड ओ क्रूझेसने 2019 मध्ये ती वेगळी घेणं बंद करून भाड्यातच धरली. काही महागड्या कंपन्यांत आधीपासूनच तसं आहे. अशा जहाजावर टिप म्हणून वेगळी ओळ दिसत नाही, पण पगार दर महिन्याला साधारण एकसारखा येतो. मला विचाराल तर घर चालवणाऱ्याला तोच बरा.

ज्या जहाजांवर टिप आपोआप लागते, तिथं बहुतेक ठिकाणी प्रवासी काउंटरवर जाऊन ती कमी करू शकतो किंवा काढूनही टाकू शकतो. शेवटच्या दिवशी त्या काउंटरपुढे रांग लागते ती बरीचशी यासाठी. दोघं नवरा-बायको, सात रात्री, रोज माणशी 17 डॉलर: 238 डॉलर, म्हणजे वीस हजार रुपये, एका सहीने पुसले जातात. हे पैसे एकट्या तुमच्या मिस्टरांच्या खिशातून जात नाहीत, सगळ्यांच्या वाट्यातून थोडे थोडे जातात. पण अशी पाच-पन्नास जोडपी निघाली की महिन्याअखेर स्लिपवर दिसतं.

आता जरा नाजूक गोष्ट. हातात मिळणारी रोख टिप स्लिपवर येत नाही. ती किती, हे त्यांनाच माहीत. पण त्या रोखीलाही तिथल्या तिथे वाटा फुटतात. लाँड्रीतल्या पोराला काही दिलं की चादरी वेळेवर मिळतात, किचनमधल्याला दिलं की वेटरच्या ताटल्या आधी लागतात. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण या नोकरीतली मुलं सगळी सांगतात. शिवाय काही कंपन्यांत नियम असा, की प्रवाशाने आपोआपची टिप काढून हातात रोख दिली तर ती जमा करायची. आणि खात्यावर टिप आधीच लागलेली असल्याने बरेच प्रवासी वेगळं काही देतही नाहीत. तेव्हा "तिकडं नोटांचा पाऊस पडतो" हे भाऊजींनी मनातून काढावं.

मिस्टर चिडतात, त्याचंही आश्चर्य वाटून घेऊ नका. हॉटेल विभागात पूर्ण सुट्टीचा दिवस जवळपास नसतोच. रोज दहा-अकरा तास, तेही तुकड्यांत, सकाळी एक पाळी आणि रात्री बिछाने लावायची दुसरी. दिवसाला दहाच तास धरले तरी महिन्याचे 300 होतात. 1,200 ला 300 ने भागा, तासाला 4 डॉलर येतात. जहाज मायामीहून सुटलं तरी अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा त्यांना लागू नाही, कारण जहाजावर झेंडा पनामाचा किंवा बहामाचा असतो आणि नोकरीचे नियम झेंड्यामागे जातात. एवढं राबून वर आपल्याच घरून "पैसे कुठं गेले" असा सवाल आला, आणि उत्तर काय, तर "लोकांनी दिले नाहीत". हे उत्तर द्यायला कुठल्या पुरुषाला आवडेल? त्यांना सांगा, दर महिन्याला स्लिपचा फोटो पाठवा, मी कुणाला दाखवणार नाही, मला फक्त वहीत मांडायचंय. विचारण्यापेक्षा हे सोपं जाईल.

आता फ्लॅट. अण्णांनी डिसेंबर धरला, बँकवाले कदाचित सरासरी धरतील. तुम्ही दोन्ही धरू नका, गॅरंटी धरा. 1,200 मधून उचल आणि वायफाय-दुकानाचे 300 वजा केले की 900 उरतात. हे नऊच महिने येतात. घरी असतात त्या तीन महिन्यांचा पगार नसतो, हे घरातले लोक सोयीने विसरतात. 900 गुणिले 9 म्हणजे 8,100 डॉलर, ते बारा महिन्यांवर पसरले की महिना 675, रुपयांत 57 हजारांच्या आसपास. ही तुमच्या घराची खात्रीची मिळकत. त्यातून 48 हजारांचा हप्ता गेला तर राहतात नऊ हजार. त्यात शाळा, औषध, किराणा आणि घरी आलेल्या नवऱ्याचे तीन महिने कसे बसवणार?

माझ्या मते तुमच्या घराने 20 हजारांवर हप्ता घेऊ नये. गॅरंटीच्या वर जे येतं, डिसेंबरातले ते 410 डॉलर, ते वेगळ्या खात्यात टाका आणि कमीत कमी सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत त्याला हात लावू नका. घाबरवायला सांगत नाही. पण मार्च 2020 पासून जून 2021 पर्यंत अमेरिकेतून एकही मोठी क्रूझ प्रवासी घेऊन निघाली नव्हती. प्रवासी उतरून गेले, हजारो कर्मचारी महिनोन्महिने जहाजांवर अडकले आणि करार संपलेल्या कित्येकांचा पगार थांबला. त्या वेळी ज्यांचे हप्ते चालू होते त्यांनी काय केलं, हे आपल्या भागातही विचारलं तर कळेल. ही गंगाजळी साठली की मग अण्णांना मलकापूरला घेऊन जा, तोवर भावही करता येईल.

कराचं एक सांगतो, कारण तुमचं पत्र वाचताना ते मला खटकलं. आर्थिक वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिलं की माणूस इथला रहिवासी धरला जातो. तुमचे मिस्टर दरवेळी ऑक्टोबरात जातात. आता चक्र बसलंय, तीनच महिने घरी, तेव्हा अडचण नाही. पण पहिल्या कॉन्ट्रॅक्टच्या वर्षी काय झालं? 1 एप्रिलपासून 29 सप्टेंबरपर्यंतच 182 दिवस भरतात. म्हणजे त्या वर्षी ते रहिवासी ठरले असणार, आणि रहिवाशाला परदेशातली कमाईही, टिपेसकट, रिटर्नमध्ये दाखवावी लागते. कर बसो न बसो. त्या वर्षाचं रिटर्न भरलंय का, एवढं तपासा. अनिवासी असतील त्या वर्षांत परदेशी जहाजावरचा पगार इथल्या एनआरई (अनिवासींसाठीच्या बँक) खात्यात थेट जमा झाला म्हणून तेवढ्यावरून तो करपात्र होत नाही. आयकर खात्याचं 2017 चं परिपत्रक आहे तसं. पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या आणि सीडीसीतल्या (खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या) साइन-ऑन, साइन-ऑफच्या, म्हणजे जहाजावर चढल्या-उतरल्याच्या, पानांच्या झेरॉक्स घरी ठेवा.

भावाचं उत्तर सोपं आहे: त्या एजंटाला पैसे देऊ नका. समुद्रावर काम करणाऱ्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, 2006 चा, आणि भारताने तो 2015 मध्ये मान्य केलाय. त्यात स्पष्ट आहे की नोकरी लावून देण्याची फी खलाशाकडून घ्यायची नाही. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च खलाशाचा. व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाचा. सुरक्षेचे जे कोर्स करावे लागतात त्यांची फी संस्थेला भरायची, संस्था मान्यताप्राप्त आहे ना हे बघून. आणि जहाजावर माणसं पाठवायला एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. त्यांच्या वेबसाइटवर परवानाधारकांची यादी आहे. एजंटाकडे परवाना नंबर मागा, त्या यादीत टाकून बघा. नंबर विचारल्यावर तो माणूस "आमच्या वरच्या साहेबांचा आहे" असं सांगायला लागला तर चहासुद्धा पाजू नका.

आणि "टिपा धरून दीड लाख" या वाक्यावर भावाने एकच प्रश्न विचारावा: टिप शून्य आली तर किती? कंपनीच्या करारात गॅरंटी छापलेली असते, एजंटाच्या तोंडून ती कधी येत नाही. पहिल्या खेपेला पोरांना सहसा स्टुअर्ड किंवा वेटर म्हणून घेतही नाहीत, युटिलिटी, क्लीनर किंवा असिस्टंट म्हणून जातात, आणि तिथं टिपेचा वाटा आणखी बारीक. जायचंच असेल तर खुशाल जाऊ दे. राहणं-जेवण फुकट असतं, इंग्रजी सुधारतं, दोन-तीन कॉन्ट्रॅक्टांनंतर वरचा हुद्दा मिळाला तर पैसे खरंच बरे मिळतात. फक्त अडीच लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन नको.

नणंदबाईंना सांगा, टिप काढू नका. "पगार कंपनीने द्यावा, आम्ही का?" हा त्यांचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. पण काउंटरवर जाऊन टिप काढल्याने कंपनीला धडा मिळत नाही. टिप गॅरंटीच्या खाली गेली तर कंपनीला थोडा भुर्दंड पडेल, पण वर असेल तर सगळं नुकसान पोरांचं, आणि त्या महिन्यात आकडा कुठं आहे हे प्रवाशाला कळायचा मार्ग नाही. ही पद्धत मनापासून नको असेल तर बुकिंगच्या वेळीच टिप भाड्यात धरणारी कंपनी निवडावी. आता तिकीट काढून झालंय तर माणशी रोजची रक्कम किती ते आधी विचारून सफरीच्या खर्चात धरावी, म्हणजे शेवटच्या दिवशी बिल बघून पोटात गोळा येणार नाही. ड्रिंक्सच्या बिलात सहसा 18-20 टक्के आधीच लागलेले असतात, त्यावर पुन्हा द्यायची गरज नाही. सफर संपली की स्टुअर्डच्या नावाने चांगला शेरा लिहायला विसरू नये, त्यावर त्याचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट आणि बढती ठरते. आणि स्टुअर्डला वेगळं काही हातात द्यावंसं वाटलं तर ते आदल्या रात्रीच द्यावं. उतरण्याच्या सकाळी दुपारच्या नव्या प्रवाशांसाठी त्याला सगळ्या खोल्या आवरायच्या असतात, तेव्हा तो सापडतही नाही.